गोधडीतला निळा तुकडा

चिपळूण

चि. सोनू हिस,
अनेक आशीर्वाद.

माळ्यावरच्या सगळ्या सामानाचे फोटो काढून झाले, आता वस्तू मोडीत द्यायला हरकत नाही, असं तू कळवलंस. दोन दिवस धुळीत राबून एकेक डबा खाली उतरवलास, त्याचं मला कौतुक आहे. पण मोडवाल्याला एवढ्यात बोलावू नकोस. तुझे फोटो काल रात्री सगळे पाहिले. पातेली दिसली, ट्रंक दिसली, गोधडी दिसली. त्या वस्तू कोणाच्या, हे एकाही फोटोवरून कळलं नाही.

गोधडीचंच सांगते. तू तिचा एकच फोटो काढलास, घडी घातलेली. ती पुन्हा उलगड, अंगणात उजेडाला पसर आणि मधल्या ओळीतला डावीकडून तिसरा तुकडा बघ. निळा आहे, वर बारीक पांढरे ठिपके. त्याच्या एका कडेला चार टाके काळ्या दोऱ्याचे आहेत, कारण त्या दिवशी घरातला पांढरा दोरा संपला होता. आता ओटीवरच्या भिंतीवरचा कृष्णधवल फोटो आठव. तुझी आजी खुर्चीत बसली आहे, मांडीवर तुझे बाबा. अंगावर ठिपक्यांची साडी आहे, ती हीच. फोटोत ती राखाडी दिसते. लहानपणी तू मला विचारलं होतंस, आजी असे उदास रंग का नेसायची? सोनू, ती उदास रंग कधीच नेसली नाही. हे त्या फोटोला ठाऊक नाही, गोधडीला आहे. आणि ते ठिगळ कोणाच्या अंगावरचं, हे गोधडीला सांगता येत नाही, त्यासाठी फोटोच हवा. दोन्ही एकत्र असतील तरच आजी पुरती भेटते. म्हणून मोडवाल्याला थांब म्हणते.

पुण्यात तुला राजा दिनकर केळकर संग्रहालय दाखवलं होतं. दिनकर केळकरांनी अकाली गेलेल्या आपल्या राजा या मुलाच्या नावाने ते उभं केलं. दिवे, अडकित्ते, स्वयंपाकघरातली भांडी, सगळं घरोघरचंच. संग्रहालयात वस्तू आली की नोंदवहीत तिला क्रमांक पडतो आणि तोच वस्तूवर लावतात. तूही तसंच कर. पुठ्ठ्याची बांधणी असलेली एक वही घे, एका वस्तूला एक पान. गोधडीला ७ नंबर दिलास तर फोनमधल्या तिच्या प्रत्येक फोटोच्या नावात ७ हवा, ओटीवरच्या फोटोच्या स्कॅनलाही ७, आणि गोधडीच्या कोपऱ्यात सुती नाडीचा तुकडा टाचून त्यावरही ७. कापडाला चिकटपट्टी लावू नकोस, तिचा डिंक डाग पाडतो. जुन्या फोटोंच्या मागे बॉलपेन चालवू नकोस, त्याचा दाब पुढे उमटतो. मऊ पेन्सिलीने, कडेला, हलक्या हाताने लिही.

घंगाळावर आजोबांचं नाव ठिपक्याठिपक्यांनी कोरलेलं आहे. तू फ्लॅश मारलास, त्या चकाकीत ते बुडालं. फ्लॅश बंद करून घंगाळ खिडकीपाशी आडव्या उजेडात ठेव, अक्षरं आपोआप उठतील. बारा पातेली मात्र ठेवायची गरज नाही. नाव घातलेलं एक ठेव, बाकीची वापरणाऱ्याला दे. जातंही तुझ्या फ्लॅटमध्ये मावणार नाही. त्याचा फोटो, माप आणि ओव्या म्हणत दळणाऱ्या बायकांची नावं तेवढी राहू देत.

वहीत प्रत्येक गोष्टीपुढे ती कोणी सांगितली आणि कधी, हे लिही. स्वतः पाहिलेलं वेगळं, ऐकीव वेगळं. घरातल्या आठवणी दर पिढीत थोड्या फुगतात, आणि पुढच्या माणसाला खरं-खोटं निवडायला काही साधन उरत नाही.

फोटो नुसते फोनमध्ये ठेवू नकोस. २२ जुलै २०२१ ला वाशिष्ठीचं पाणी आपल्या घरात शिरलं, तेव्हा खालच्या कपाटातले तीन अल्बम गेले. त्यातला एक माझ्या हाताने गेला. ओले फोटो मी घाईने एकावर एक ठेवून वाळवले आणि ते कायमचे चिकटले. स्वच्छ गार पाण्यात अलगद खळबळून, एकेक सुटा, चित्राची बाजू वर ठेवून सावलीत वाळवायचा असतो, हे मागाहून कळलं. त्यांची दुसरी प्रत कुठेच नव्हती. म्हणून तीन प्रती ठेव. एक तुझ्याकडे, एक हार्ड डिस्कवर, आणि एक दुसऱ्या गावी, भावाकडे. इंटरनेटवरही ठेव, पण केवळ त्याच्या भरवशावर राहू नकोस. ऑर्कुट ३० सप्टेंबर २०१४ ला बंद झालं. गूगलचं खातं दोन वर्षं उघडलं नाही तर ते पुसण्याची मुभा कंपनीने नियमातच ठेवली आहे. वस्तूंना क्यूआर कोड लावायचं तुझं म्हणणं चांगलं आहे, जरूर लाव. मात्र ज्या पत्त्यावर तो नेतो तो पत्ता बंद पडला तरी वहीतला ७ नंबर वाचता येईल, एवढं बघ. आणि व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो नेहमीसारखे पाठवलेस तर ते बारीक होतात, आत नोंदलेली तारीखही जाते. भावाला पाठवताना डॉक्युमेंट म्हणून पाठव.

हे सगळं सावकाश झालं तरी चालेल. एक काम मात्र थांबणार नाही. गोधडीत एकूण बेचाळीस तुकडे आहेत. मला त्यातले अकरा ओळखता येतात. बाकीचे थोरल्या काकूंना ठाऊक आहेत, कारण तुझ्या आजीबरोबर त्या शिवायला बसत. त्यांना आता शहाऐंशी सरलं. तू ये, गोधडी त्यांच्या मांडीवर पसर, एकेका तुकड्यावर बोट ठेवून विचार आणि फोनवर आवाज टिपून घे. मधे बोलू नकोस. त्या विषय सोडून भलतीकडे गेल्या तरी जाऊ दे.

दिवाळीची वाट बघू नकोस, येत्या शनिवारीच ये. सकाळी चहा झाला की काकू छान बोलतात, दुपारनंतर थकतात.

तुझी,
आत्या