वीज कडाडत असताना शाळा सोडू नका

परतीच्या पावसात विजा बहुधा दुपारनंतर पडतात आणि नेमकी तीच शाळा सुटण्याची वेळ असते. घंटा झाली की मुले डोक्यावर दप्तर धरून पळत सुटतात आणि पाऊस वाढला की वाटेतल्या चिंचेखाली थांबतात. सर्वांत धोक्याची जागा तीच. झाडावर पडलेली वीज जवळच्या माणसावर उडी घेते किंवा ओल्या जमिनीतून पायांत शिरते.

मुख्याध्यापकांनी एक नियम कसोशीने पाळावा. गडगडाट कानी पडताच मैदानावरचे खेळ बंद करावेत आणि शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास होईपर्यंत एकाही मुलाला बाहेर सोडू नये. उशीर झाला म्हणून पालक रागावतील, रागावू द्यावे. मुलांना पक्क्या इमारतीतील वर्गात, खिडक्यांचे गज, नळ व वायरी यांपासून दूर बसवावे. व्हरांडा, पत्र्याची शेड किंवा सायकलस्टँड हा आसरा नव्हे. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय मौसम विज्ञान संस्थेचे ‘दामिनी’ हे ॲप शिक्षकांनी मोबाइलवर घ्यावे; आसपास विजा पडत असल्याची सूचना त्यावर मिळते.

पायाळू मुलावर वीज पडते, हा समज अजून पुष्कळ घरांत आहे. त्यात काडीचेही तथ्य नाही.

वीज पडलीच तर काय करावे? वीज लागलेल्याच्या अंगात ती साठून राहत नाही. त्याला ताबडतोब हात लावता येतो. अनेक मुले जखमी झाली, तर आपण सहज रडणाऱ्या मुलाकडे धावतो. पण रडणाऱ्याचा श्वास चालू आहे. निपचित पडलेल्या मुलाकडे आधी जावे, कारण ते मेलेले दिसले तरी वाचू शकते. विजेच्या धक्क्याने थांबलेले हृदय पुष्कळदा आपोआप सुरू होते, पण श्वास मात्र बंदच राहतो आणि प्राणवायूअभावी हृदय पुन्हा थांबते. या मधल्या मिनिटांतच मूल हाताशी लागते किंवा जाते.

एकाने १०८ ला फोन करावा. दुसऱ्याने मुलाला उताणे निजवून हनुवटी वर उचलावी आणि श्वास पाहावा. श्वास नसेल तर नाक दाबून तोंडाने २ श्वास द्यावेत, मग छातीच्या मधोमध ३० वेळा, मिनिटाला १०० ते १२० या गतीने दाबावे. पुन्हा २ श्वास, पुन्हा ३० दाब. रुग्णवाहिका येईपर्यंत थांबू नये. अंगाला शेण-माती फासण्यात वेळ दवडू नये. भाजल्याच्या जखमा नंतर पाहता येतात.

उठून चालू लागलेल्या मुलालाही त्याच दिवशी रुग्णालयात न्यावे. कानाचा पडदा फाटलेला असू शकतो आणि हृदयाचा आलेखही काढून घ्यावा लागतो.