आठवणींतील गाव आणि गावाचा इतिहास : आंधळगावच्या निमित्ताने

इतिहास म्हटला की राजे, लढाया आणि सनावळ्या आपल्या डोळ्यांसमोर येतात. आपल्या आजी-आजोबांच्या बालपणीचा गाव हाही इतिहासाचाच भाग आहे, हे मात्र आपण सहसा विसरतो. १९५० साली दहा वर्षांचे असलेले मूल आज ऐंशीच्या पुढे गेले आहे. त्याने पाहिलेला गाव कोणत्याही दप्तरात पुरता नोंदलेला नाही. तो त्याच्या आठवणीत आहे आणि त्याच्याबरोबरच जाणार आहे. या आठवणी कशा विचाराव्यात आणि त्यांवर विश्वास किती ठेवावा, याचा विचार मोहाडी तालुक्यातील आंधळगाव डोळ्यांसमोर ठेवून प्रस्तुत लेखात करावयाचा आहे.

इंग्लंडमध्ये हे काम बरेच आधी सुरू झाले. सफोक परगण्यातील ब्लॅक्सहॉल या खेड्यात राहावयास आलेले जॉर्ज एव्हर्ट इव्हान्स यांनी आपल्या म्हाताऱ्या शेजाऱ्यांचे बोलणे टिपून घेतले आणि १९५६ साली ‘आस्क द फेलोज हू कट द हे’ हा ग्रंथ प्रसिद्ध केला. पुढे १९६९ साली रोनाल्ड ब्लाइथ यांचे ‘एकनफील्ड’ आले. इव्हान्स यांचा भर मेंढपाळी, कापणी, अवजारे आणि बोली यांवर होता. यातून आपणांस पहिला धडा मिळतो तो असा की, “तो काळ कसा होता?” असे विचारू नये, “तुम्ही काय काम करीत होता आणि ते कसे?” असे विचारावे. पहिल्या प्रश्नाला ‘फार चांगला होता’ एवढेच उत्तर मिळते. दुसऱ्या प्रश्नातून गाव उभा राहतो.

आंधळगाव हे कोशाच्या कापडासाठी ओळखले जाणारे विणकरांचे गाव. ऐनाच्या व अर्जुनाच्या झाडांवर वाढणाऱ्या किड्यांचे कोसे जंगलातून येत. ते सांभाळण्याचे काम या भागात मुख्यतः ढिवर समाजाने केले. कोसे खारवट पाण्यात उकळून मऊ करावयाचे, चार-पाच कोशांचे तंतू एकत्र ओढावयाचे आणि मांडीवर पीळ देत धागा काढावयाचा, हे काम स्त्रियांचे. विणण्याचे काम कोष्टी घरांतून चाले. करवतीकाठी वस्त्र विणताना एकाऐवजी तीन धोटे लागतात, म्हणून हाताखाली दुसरे माणूस हवे असते. आता येथे बालपणाचा प्रश्न येतो. विणकराच्या घरातील मुलाला कांडी भरणे हा खेळ वाटत होता की काम? शाळेत जाण्यापूर्वी किती कांड्या भराव्या लागत? आईच्या मांडीवर धाग्याने पडलेला घट्टा त्याला आठवतो काय? वस्त्राची किंमत व्यापाऱ्याच्या वहीत सापडेल, पण हा घट्टा कोणत्याही वहीत सापडणार नाही.

दुसरा धडा सालाविषयी आहे. म्हातारी माणसे साल सांगत नाहीत. ‘मी इतका होतो तेव्हा’ असे म्हणून हात जमिनीपासून वर धरतात. अशा वेळी ज्यांच्या तारखा पक्क्या आहेत अशा घटनांचे खुंटे आपण ठोकावयाचे आणि आठवण त्यांना बांधावयाची. भंडारा जिल्ह्यासाठी असे खुंटे पुष्कळ आहेत. ३१ मार्च १९५१ रोजी मालगुजारी संपली. १ एप्रिल १९५७ पासून सोळा आण्यांच्या रुपयाचे शंभर नवे पैसे झाले. त्यानंतर हळूहळू शेर गेला, किलो आला. पायली आणि कुडव मात्र धानाच्या घरांत पुष्कळ दिवस टिकून राहिले. राज्याचे म्हणाल तर गंमतच आहे. १९४५ साली आंधळगावात जन्मलेले मूल मध्यप्रांत-वऱ्हाडात जन्मले, १९५० पासून मध्यप्रदेशात वाढले, १ नोव्हेंबर १९५६ ला मुंबई राज्यात गेले आणि १ मे १९६० ला महाराष्ट्रात आले. घराचा उंबरठा न ओलांडता पंधरा वर्षांत चार राज्ये झाली! “शाळेत प्रार्थना कोणती होती? नकाशा कोणत्या राज्याचा होता?” एवढे विचारले तरी साल जवळजवळ निश्चित होते.

पाण्याचेही तसेच. आपला जिल्हा तलावांचा. पूर्व विदर्भातील जुने तलाव बांधण्यात कोहळी समाजाचा मोठा वाटा आहे. मालगुजारी गेल्यावर हे तलाव सरकारकडे आले आणि ‘माजी मालगुजारी’ या शब्दांवरून लोक त्यांना ‘मामा तलाव’ म्हणू लागले. पाळ कोण दुरुस्त करीत असे, पाणी कोणाच्या बांधीला आधी मिळे, गाळ कोण काढी, हे सांगू शकणारी माणसे आता थोडी उरली आहेत. आज गाळाने भरलेल्या तलावाविषयी आपण तक्रार करतो, तेव्हा ही माहिती केवळ हळहळण्यापुरती नसून उपयोगाची आहे.

तिसरा धडा सर्वांत महत्त्वाचा. आठवण गोड करून सांगणे हा मनुष्यस्वभाव आहे आणि ज्याला गावात मान होता त्याची आठवण अधिक गोड असते. तान्ह्या पोळ्याचे उदाहरण घेऊ. लाकडी नंदी घेऊन घरोघरी फिरलेल्या मुलाला बोजारा आठवेल. तो नंदी घडविणाऱ्या सुताराच्या मुलाला वडिलांचे रात्रीचे जागरण आठवेल. ज्या वस्तीतील मुलांना परक्या अंगणात पाऊल टाकता येत नव्हते, त्यांना काय आठवेल? सण एक, पण बालपणे तीन. १९५४ साली भंडारा मतदारसंघातील लोकसभेची पोटनिवडणूक डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी लढविली आणि ते पराभूत झाले. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूरला धम्मदीक्षा झाली. या दोन तारखा एका मोहल्ल्यात ठळक आठवतील, तर दुसऱ्यात कदाचित आठवणारही नाहीत. दया पवारांचे ‘बलुतं’ १९७८ साली आले, तेव्हा गावगाड्याच्या गोड चित्रात किती जागा कोरी राहिली होती हे मराठी वाचकाला कळले. म्हणून एका ओसरीवर बसून गावाचा इतिहास लिहू नये. प्रत्येक मोहल्ल्यात जावे, आणि पुरुषांइतकेच स्त्रियांनाही विचारावे.

शेवटचा मुद्दा भाषेचा. सांगणारा झाडीबोलीत सांगतो आणि लिहिणारा विद्यार्थी ते ‘शुद्ध’ करून टाकतो. ‘पानी’चे ‘पाणी’ केले म्हणजे बिघडते काय, असे कोणी विचारील. बिघडते ते असे की, ‘रोवणी’, ‘बांधी’ यांसारख्या शब्दांनाही मग पुस्तकी पर्याय शोधले जातात आणि शब्दाबरोबर ती वस्तू व ती रीतही पुसली जाते. दंडार, मंडई, गायमुखची महाशिवरात्रीची जत्रा यांच्या आठवणी त्या माणसाच्याच शब्दांत उतरवून घ्याव्यात. अर्थ कळला नाही तर विचारावा. शब्द बदलू नये.

विद्यार्थिमित्रांनो, या कामाला अनुदान लागत नाही. एक वही पुरे. भ्रमणध्वनीवर आवाज टिपता आला तर अधिक चांगले, पण आधी त्या माणसाची परवानगी घ्यावी. एका माणसाचे म्हणणे दुसऱ्याशी ताडून पाहावे आणि जुळले नाही तर दोन्ही लिहून ठेवावे, कारण न जुळणे हाही इतिहासच आहे. परीक्षा संपल्यावर आपण गावी जाल. तेव्हा घरातील सर्वांत वृद्ध माणसाजवळ तासभर बसून एवढेच विचारा : “लहानपणी सकाळी उठल्यावर तुम्हाला पहिले काम कोणते सांगत?”