गिऱ्हाईक कमी, की वसुली कमी?

प्रश्न : मी चार वर्षं घरी गोडा मसाला, मेतकूट आणि भाजणी करून विकते. गोडा मसाल्याची महिन्याला ४०० पाकिटं जातात. ३०० अकरा दुकानांतून, १०० ओळखीच्या लोकांना थेट. २०० ग्रॅमचं पाकीट थेट १८० रुपयांना, दुकानदारांना १४० ला देते. मला ते १०५ ला पडतं. चव सगळ्यांना आवडते, पण दिवाळीनंतर विक्री वाढत नाही. दुकानदारांकडे ६२,००० रुपये राहिलेत, सगळे 'पुढच्या महिन्यात देतो' म्हणतात. एका एजन्सीने सहा महिन्यांचं पॅकेज सांगितलं आहे : महिना २५,००० अधिक जीएसटी, त्यात फेसबुक-इन्स्टाग्रामच्या जाहिराती, रील्स आणि वेबसाइट. त्यांना पुढच्या तारखांचे सहा चेक हवे आहेत. देशभर फ्री डिलिव्हरी ठेवा म्हणजे ऑर्डरी येतील, असं ते म्हणतात. सोनं तारण ठेवून १,८०,००० मिळू शकतात. यजमान म्हणतात, मार्चपर्यंत बघू, नाहीतर बंद कर. जाहिरात फेसबुकवर करावी की एसटी स्टँडजवळ होर्डिंग लावावं? 'एकावर एक फ्री' ठेवलं तर?
– एक वाचक, सातारा

उत्तर : प्रश्न तुम्ही जाहिरातीचा विचारला आहे, पण पत्रातलं सगळ्यात जड वाक्य मार्चचं आहे. घरात धंद्याचा निकाल लागायची तारीख ठरली आहे आणि त्याआधी काहीतरी घडताना दिसावं, ही खरी धडपड आहे. जाहिरात दिसते, वसुली दिसत नाही. म्हणून जाहिरातीवर अर्धं पत्र आणि ६२,००० रुपयांवर एक वाक्य. शिवाय तारखा जरा शेजारी ठेवून बघा. यजमानांची मुदत मार्चची आणि करार सहा महिन्यांचा. मार्चमध्ये धंदा बंद करायचं ठरलं, तरी एजन्सीकडचे उरलेले चेक बँकेत जातच राहणार. दिवाळीनंतर विक्री वाढत नाही, यातही घाबरण्यासारखं फार नाही. चकलीची भाजणी दिवाळीनंतर मंदावणारच. गोडा मसाला बारमाही आहे. त्याचा आकडा टिकून असेल, तर गिऱ्हाईक तुम्हाला सोडून गेलेलं नाही. तुम्ही विचारायला हवा होता तो प्रश्न असा : एक नवं गिऱ्हाईक आणायला मला जास्तीत जास्त किती रुपये परवडतात? त्याचं उत्तर तुमच्याच आकड्यांत आहे.

थेट विकलेल्या पाकिटामागे तुमच्या हातात ७५ रुपये राहतात. फ्री डिलिव्हरी म्हणजे कुरिअरचे पैसे तुम्ही भरायचे. गावाप्रमाणे ते कमीजास्त होतील, पण ६० धरले तर राहिले १५. आता एजन्सीचं बिल बघा. २५,००० वर १८ टक्के जीएसटी धरून महिन्याला २९,५०० होतात, आणि तुमची जीएसटी नोंदणी नसेल तर त्या ४,५०० ची वजावट तुम्हाला मिळत नाही. पाकिटामागे १५ रुपये उरत असताना २९,५०० भरून काढायला महिन्याला जवळजवळ २,००० जास्तीच्या ऑर्डरी लागतील. आज तुमची गोडा मसाल्याची सगळी मिळून विक्री ४०० पाकिटांची आहे. म्हणजे पाचपट मसाला भाजायचा, कांडायचा, भरायचा, पत्ते लिहायचे, आणि एवढं करून हाती शून्य. या हिशेबात तुमची मजुरी बहुधा धरलेलीच नाही. १०५ मध्ये ती असती तर तुम्ही तसं लिहिलं असतं.

देशभर विक्रीला आणखी एक शेपूट आहे. महाराष्ट्रात माल विकणाऱ्याला वर्षाच्या ४० लाखांच्या उलाढालीपर्यंत जीएसटी नोंदणी सक्तीची नाही, पण ही सवलत राज्याच्या आतल्या विक्रीपुरती. स्वतःच्या वेबसाइटवरून बेळगावला किंवा बंगळूरला एक पाकीट पाठवलं, तरी उलाढाल कितीही लहान असो, नोंदणी सक्तीची होते. मसाल्यावर ५ टक्के जीएसटी आहे. १८० रुपयांतच तो बसवायचा म्हटलं तर साडेआठ रुपये गेले, म्हणजे त्या १५ मधले निम्म्याहून जास्त. नोंदणी झाली की खर्चावर भरलेल्या कराची वजावट मिळते हे खरं. पण मग दर ठरावीक मुदतीला विवरणपत्रं आली, हिशेबनीस आला, त्याची फी आली. हे सगळं करू नका असं मी म्हणत नाही. मात्र 'देशभर' हा शब्द ज्याने सुचवला, त्याने हा खर्च सांगितला होता का, ते विचारा.

आता ज्या जागी माणसं खरोखर अडकतात तिथे येतो. तोट्याची जाहिरात एकवेळ परवडते. महिनाभर केली, आकडा पाहिला, बंद केली. ती बंद करता न येण्यासारखी बांधून घेणं घातक असतं, आणि तुमच्या पत्रात अशा दोन गाठी आहेत : पुढच्या तारखांचे चेक आणि तारण ठेवलेलं सोनं. चेकचं आधी. दोन महिन्यांत एकही ऑर्डर आली नाही म्हणून तुम्ही खात्यात पैसे ठेवले नाहीत आणि तिसरा चेक परत गेला, तर मामला नुसत्या उधारीचा राहत नाही. निगोशिएबल इन्स्ट्रुमेंट्स अ‍ॅक्टच्या कलम १३८ खाली तो फौजदारी होतो. शिक्षा दोन वर्षांपर्यंत कैद, किंवा चेकच्या दुपटीपर्यंत दंड, किंवा दोन्ही. चेक परत आल्याचं कळल्यापासून ३० दिवसांत समोरच्याने लेखी नोटीस द्यायची आणि नोटीस मिळाल्यापासून १५ दिवसांत तुम्ही पैसे भरायचे, एवढीच उसंत मिळते. बँकेला 'पेमेंट थांबवा' असं कळवलं की सुटलो, हा समजही चुकीचा. एजन्सीने काम नीट केलं नाही, म्हणून देणंच लागू नाही, असा बचाव घेता येतो. पण तो कोर्टात तारखा घेत तुम्हाला सिद्ध करावा लागतो. आणि सिद्ध काय करणार? अशा करारात साधारणपणे महिन्याला इतक्या पोस्ट, इतक्या रील्स असं लिहिलेलं असतं. विक्रीची हमी कुणी लिहून देत नाही. पोस्ट झाल्या, रील्स झाल्या, करार पाळला गेला, मसाला घरात पडून राहिला.

सोन्याचं त्याहून सरळ आहे. सहा महिन्यांचे १,७७,००० होतात, म्हणजे कर्जातला जवळजवळ प्रत्येक रुपया जाहिरातीत जाणार. मसाला दळायचा पल्व्हरायझर घेतला असता, तर निदान उद्या तो विकून काही पैसे आले असते. गेल्या महिन्याची जाहिरात कुणी विकत घेत नाही. व्याज १२ टक्के धरलं तर वर्षाला २१,६०० होतात. दुकानदारी विक्रीत पाकिटामागे तुम्हाला ३५ रुपये मिळतात. म्हणजे ६१७ पाकिटांचा, दुकानांतल्या दोन महिन्यांहून जास्त विक्रीचा नफा नुसत्या व्याजात. सोनेतारण कर्जाच्या पुष्कळ योजनांत मुद्दल आणि व्याज वर्षाअखेरीस एकदम भरायचं असतं. दरमहा हप्ता नसल्यामुळे कर्ज हलकं वाटतं आणि मुदत भरली की एकदम अंगावर येतं. तेव्हा फेडता आलं नाही, तर नोटीस आणि नंतर लिलाव.

तुमचा धंदा एकटीच्या मालकीचा आहे. अशा धंद्याला कायद्याने तुमच्यापासून वेगळं अस्तित्व नाही. मसाल्याचं देणं ते तुमचंच देणं. मोठ्या कंपन्यासुद्धा आधी तोटा सोसूनच गिऱ्हाईक मिळवतात, हा युक्तिवाद एजन्सीवाले हमखास करतात. त्या कंपन्यांचा पैसा भागधारकांचा असतो आणि कंपनी बुडाली तरी भागधारकाचं नुकसान त्याने घातलेल्या रकमेपुरतं असतं. तुमच्या नुकसानीला अशी कुठलीही रेघ नाही, तेव्हा ती तुलना सोडून द्या.

या सगळ्यावर एक आक्षेप मात्र खरा आहे आणि तो मी टाळणार नाही. मसाला एकदा घेऊन संपणारी वस्तू नाही. पहिल्या ऑर्डरीत तोटा झाला, तरी तेच घर वर्षभर मसाला घेत राहिलं तर तो भरून निघतो. बरोबर. पण त्यासाठी किती घरं परत येतात हे माहीत पाहिजे, आणि ते एजन्सीला माहीत नाही. तुम्हालाच कळू शकतं. थेट विकल्या जाणाऱ्या १०० पाकिटांच्या गिऱ्हाइकांची नावं, फोन नंबर आणि तारखा वहीत आहेत का? नसतील तर आजपासून लिहा, मागचं आठवून भरा. एक घर वर्षातून चार वेळा घेत असेल तर त्या घराची किंमत निघते, आणि तेवढ्याच्या आत जाहिरातीचा खर्च बसवायचा. दुसरं असं की, कुरिअरने एक पाकीट पाठवणं हाच मुळात वेडेपणा आहे. मसाला दोन आणि मेतकूट एक, असा संच करा आणि कुरिअर किमतीत धरा. दोन पाकिटांवर १५० मिळतात आणि पार्सलला समजा ७० गेले तरी ८० राहतात. एका पाकिटाच्या १५ च्या पाचपटीहून जास्त, तेही जाहिरातीचा एक रुपया न घालता. जुन्या गिऱ्हाइकांना कळवायला व्हॉट्सअ‍ॅप बिझनेस फुकट आहे. त्यातल्या ब्रॉडकास्ट यादीत २५६ नंबर बसतात आणि ज्यांनी तुमचा नंबर स्वतःच्या फोनमध्ये साठवला आहे त्यांनाच निरोप पोचतो. लोक याला उणीव म्हणतात. मला ती चाळणी वाटते, ज्यांना मसाला हवा आहे तेच त्यातून खाली येतात.

आता ते ६२,०००. दुकानात एक पाकीट बुडालं तर तुमचे पदरचे १०५ जातात, म्हणजे पुढच्या तीन पाकिटांचा नफा त्याच्या भरपाईला गेला. म्हणून दुकानं वाढवण्याआधी एक गोष्ट स्पष्ट करा : माल विकला आहे की जांगड, म्हणजे न खपल्यास परत घ्यायच्या बोलीवर, ठेवला आहे? तुमच्या पत्रावरून ते कळत नाही, आणि मला शंका आहे की दुकानदारांनाही ते नीट सांगता येणार नाही. जांगड मालाला १९३० च्या मालविक्री कायद्यात स्वतंत्र कलम आहे, २४ वं. परत करायची मुदत ठरली असेल आणि ती उलटूनही दुकानदाराने माल परत केला नाही, तर तो त्याने विकत घेतला असं धरलं जातं. मुदत ठरलेलीच नसेल तर 'वाजवी मुदत' किती, यावर वाद. तेव्हा चलनावर एक ओळ छापून घ्या : अमुक दिवसांत परत न आलेला माल विकलेला समजला जाईल. त्याखाली दुकानदाराची सही.

उद्यम नोंदणीही करून टाका. सरकारी पोर्टलवर ती आधारवर होते आणि पूर्ण फुकट आहे. कुणी फी मागितली तर दुसरीकडे जा. तुम्ही माल तयार करता, त्यामुळे सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योगांसाठीच्या एमएसएमईडी कायद्यातलं उशिरा दिलेल्या पैशांचं संरक्षण तुम्हाला लागू होतं. लेखी ठरलं असेल तर जास्तीत जास्त ४५ दिवसांत आणि काहीच ठरलं नसेल तर १५ दिवसांत पैसे मिळायला हवेत. नाही मिळाले तर रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट दराने, महिन्याच्या चक्रवाढीने व्याज लागतं आणि फॅसिलिटेशन कौन्सिलकडे अर्ज करता येतो. पण नोंदणी आधी, माल नंतर. जुन्या थकबाकीला आज केलेली नोंदणी उपयोगी पडेल अशा भरवशावर राहू नका. त्या ६२,००० साठी प्रत्येक दुकानदाराकडून बाकीच्या रकमेची तारखेसह लेखी कबुली घ्या. साध्या वसुलीच्या दाव्याला तीन वर्षांची मुदत असते आणि त्या मुदतीत सहीने दिलेली कबुली ती नव्याने सुरू करते. अकराही दुकानांत रोज तोंड दाखवायचं आहे, मी कायद्याची भाषा कशी करू, असं तुम्ही म्हणाल. कायद्याची भाषा नकोच. जुनी बाकी निम्मी आल्याशिवाय नवा माल नाही, एवढं सांगा. त्यावर जो दुकानदार तुटेल, त्याने तुमची पाकिटं विकून आलेले पैसे आपल्याच धंद्यात फिरवले आहेत, असं खुशाल समजा.

राहिले तुमचे मूळ प्रश्न. होर्डिंग : नको. 'एकावर एक फ्री' : २१० रुपयांचा माल १८० ला, यावर आणखी काही लिहायला नको. फॉलोअर विकत घेण्याबद्दल तुम्ही विचारलेलं नाही, पण एजन्सी सुचवेल, तेही नको. फेसबुकवर बघायचंच असेल, तर दुकानदारांकडून आलेल्या वसुलीतून महिन्याला दोन-तीन हजार, फक्त सातारा आणि आसपास, आणि पेज, जाहिरातीचं खातं, वेबसाइटचं नाव हे सगळं तुमच्या नावावर आणि तुमच्या फोनवर. एजन्सीच्या नावावर काही असेल तर सही करू नका. त्याआधी पाकिटावर एफएसएसएआय क्रमांक, वजन, छापील किंमत आणि तारीख आहे ना, हे बघून घ्या, कारण जाहिरात गिऱ्हाइकाला दिसते तशी निरीक्षकालाही दिसते. मसाल्याच्या नावाची ट्रेडमार्क नोंदणी वर्ग ३० मध्ये करा. व्यक्तीला ऑनलाइन अर्जाची सरकारी फी ४,५०० आहे आणि मिळालेली नोंदणी दहा वर्षं चालते. लेबलांची पुढची मोठी छपाई देण्याआधी तेच नाव दुसऱ्या कुणाचं नोंदलेलं नाही ना, ते रजिस्ट्रीच्या संकेतस्थळावर शोधून पाहा. आणि यजमानांना मार्चमध्ये दाखवायला दोन आकडे तयार ठेवा : ६२,००० पैकी किती आले, आणि थेट घेणाऱ्या घरांपैकी किती दुसऱ्यांदा आली.