आधी बाग, मग ग्लास

चि. ताईस अनेक आशीर्वाद.

तुमच्या फूड टेक्नॉलॉजीच्या वर्गाची सहल दिंडोरीकडच्या वायनरीत येणार, असं तुझ्या आईनं फोनवर सांगितलं. आवाजात काळजी होती. मी तिची समजूत काढली, पण तुला चार गोष्टी सांगायच्या आहेत आणि फोनवर माझं नेहमी अर्धं राहून जातं, म्हणून हे पत्र.

बसमधून उतरलात की सगळी पोरं टेस्टिंग रूमकडे वळतील. तू सरांना विनंती कर की आधी बाग बघू. ग्लासात जे येतं त्यातलं बरंचसं बागेतच ठरलेलं असतं. युरोपात थंडीत वेल झोपते आणि ऑगस्ट ते ऑक्टोबर खुडा होतो. आपल्याकडे ती झोपतच नाही. म्हणून एप्रिलात खरड छाटणी करून काडी तयार करायची, सप्टेंबर-ऑक्टोबरात गोडी छाटणी करून घड घ्यायचा, आणि जानेवारी ते मार्च माल उतरवायचा. वर्षात दोनदा कात्री चालते. मधल्या काळात डावणी, भुरी, अवकाळी पाऊस. हे सगळं ज्यानं सोसलंय त्या माणसाशी बोल. पेठ-सुरगाण्याकडून आलेल्या बायका पहाटे खुड्याला लागलेल्या असतात. त्यांना घड कसा धरता, कात्री कुठं लावता ते विचार. मणी मात्र विचारल्याशिवाय तोंडात टाकू नकोस, फवारणी कधी झाली ते आपल्याला ठाऊक नसतं.

विचारून एक मणी घे आणि नीट चाव. आपण खातो त्या थॉमसनचा मणी जिब्रेलिक ॲसिडमध्ये बुडवून, विरळणी करून फुगवलेला असतो. साल पातळ, बी नाही. वाइनच्या शिराझचा मणी बारीक, सालीला जाड आणि बियांचा. लाल वाइनचा रंग त्या सालीतून येतो. बी चावलीस की जीभ आकसेल, कच्चं केळं खाल्ल्यासारखी. तेच टॅनिन पुढं ग्लासात भेटेल. रिफ्रॅक्टोमीटर मिळाला तर रस त्यावर टाकून ब्रिक्स, म्हणजे साखरेचं माप, बघ. लाल वाइनचा माल साधारण २२ ते २४ ला उतरवतात. लिटरमागे जवळपास १७ ग्रॅम साखरेतून यीस्ट १ टक्का अल्कोहोल करतं, हिशोब तूच मांड.

टाक्यांच्या खोलीत एक काळजी घे. रस आंबताना कार्बन डायऑक्साइड निघतो, तो हवेपेक्षा जड असतो आणि खाली साचतो. टाकीत डोकावू नकोस, कुणाला डोकावू देऊ नकोस. फोटोसाठी तर मुळीच नाही.

आता चाखण्याचं. त्या दिवशी अत्तर लावू नकोस, गजरा माळू नकोस, नाहीतर सगळ्या टेबलाला मोगऱ्याचाच वास येईल. ग्लास दांडीला धर, पांढऱ्या कागदावर रंग बघ, हलकेच फिरव आणि सावकाश वास घे. मग घोट तोंडात घोळव आणि चूळ टाकावी तशी ठेवलेल्या भांड्यात टाक. यात लाज नाही. ज्यांचा हा धंदा आहे ती माणसंही तसंच करतात, कारण पाच-सहा घोट पोटात गेले की जीभ बोथट होते. आपल्या राज्यात वाइनसाठी २१ पूर्ण लागतात. वर्गात कुणी लहान असेल, कुणाच्या घरी चालत नसेल, कुणाला नकोच असेल, तर त्यानं नुसता वास घ्यावा, निम्मं शिक्षण तिथंच होतं. त्याला कुणी चिडवलं तर तू त्याच्या बाजूनं उभी राहा. तुझं स्वतःचं तू ठरव, मी काही म्हणणार नाही.

वही उघडलीस की पुस्तकातली फळं लिहू नकोस. न पाहिलेल्या ब्लॅकबेरीचा वास तुला कसा येईल? तुला जांभूळ ठाऊक आहे, करवंद ठाऊक आहे, पेरू ठाऊक आहे, तेच लिही. शिराझमध्ये मिरीचा वास आला तर तो भास नव्हे, मिरीतलं रोटंडोन नावाचं द्रव्य त्या द्राक्षातही असतं. सोव्हिन्यों ब्लाँमध्ये ढोबळी मिरची जाणवली तर तेही खरं, दोन्हींत पायराझिन नावाची द्रव्यं असतात.

एक प्रश्न माझ्यासाठी विचार: माल ज्यांच्याकडून घेता त्यांचे पैसे किती दिवसांत देता? १९९९ मध्ये सुला वायनरी सुरू झाली, २००१ मध्ये सरकारचं द्राक्ष प्रक्रिया धोरण आलं, आणि त्या लाटेत मीही दोन एकर शिराझ लावली. २००९ च्या हंगामात करार असूनही एका वायनरीनं माल उचलला नाही. घड वेलीवर मनुके होताना मी बघितलेत. त्या वर्षी एक एकर मी स्वतः तोडली, आणि तुझी मामी दोन दिवस मळ्याकडे फिरकली नाही. उद्या तू अशाच एखाद्या कंपनीत बसशील. खरेदीच्या कागदावर सही करताना तो एकर तुझ्या डोळ्यांपुढं असावा, एवढंच माझं मागणं आहे.

विहिरीजवळचा दुसरा एकर अजून आहे. त्याचा खुडा तुमच्या सहलीनंतर आहे. संध्याकाळी बस सुटायच्या आधी तासभर मिळाला तर फोन कर, मोटारसायकल घेऊन फाट्यावर येतो. मामी तुझ्यासाठी मांडे करणार आहे.

तुझा,
मामा