स्लाइडवरील मांडणीचे दोष व त्यांचे निवारण

विलेपार्ल्यातील एक शिक्षिका परिसर-अभ्यासाच्या पाठासाठी घरच्या संगणकावर स्लाइड तयार करतात, असे समजू. पार्ले कंपनीचा १९२९ साली सुरू झालेला व २०१६ साली बंद झालेला कारखाना हा विषय. शाळेत मात्र अक्षरे विस्कटतात, ओळी चौकटीबाहेर जातात आणि इमारतीचे चित्र बसके दिसते. अशा वेळी घाईने अक्षर लहान करणे हा उपाय नव्हे. त्यायोगे शेवटच्या बाकावरील मूल पाठास मुकते. प्रथम कारण शोधावे.

अक्षरांऐवजी भलतीच चिन्हे दिसल्यास, वापरलेला जुना फॉन्ट शाळेच्या संगणकावर नाही, असे जाणावे व मजकूर युनिकोडमध्ये लिहावा. तरीही ओळी सरकत असल्यास दोन्ही ठिकाणी असलेला फॉन्ट निवडावा. ४:३ प्रमाणाची स्लाइड १६:९ केल्यास चित्र ताणले जाऊ शकते. ते काढून पुन्हा घालावे व कोपऱ्यास धरूनच लहानमोठे करावे. मजकूर न मावल्यास एका स्लाइडच्या दोन कराव्यात.

पाठाच्या आदल्या दिवशी शाळेच्याच पडद्यावर स्लाइड लावून शेवटच्या बाकावरून वाचाव्यात. तेथून वाचता आल्या, तरच मांडणी सिद्ध झाली असे समजावे.