टाकी केवढी हवी?

आधीच सांगते, माझं सगळं शिक्षण कॉन्व्हेंटमध्ये झालंय. मराठी चुकलं तर सांभाळून घ्या! पण हा विषय मराठीतच लिहायचा होता, कारण तो माझ्या आजीमुळे सुचला.

१२ ऑक्टोबर २०२० रोजी सकाळी दहाच्या सुमारास ग्रिडमध्ये बिघाड झाला आणि मुंबई, ठाणे, नवी मुंबईची वीज एकदम गेली. कोविडचे दिवस. आजी इथल्याच एका हॉस्पिटलमध्ये ऑक्सिजनवर होती. जनरेटर लगेच सुरू झाला. पण तासाभरात वॉर्डबॉय कॅन घेऊन पंपाकडे पळताना गेटबाहेर थांबलेल्या बाबांनी पाहिले. टाकी चांगली मोठी होती, डिझेल मात्र तळाला गेलं होतं! सुदैवाने वीज आली आणि पुढे आजीही घरी आली. तेव्हा मी पंधरा वर्षांची होते. आता हिशोब करता येतो, तो असा.

१) ताशी खप : समजा २५० केव्हीएचा सेट आहे. पॉवर फॅक्टर ०.८ धरला तर २०० किलोवॅट. पाऊण लोडवर १५० किलोवॅट. एका युनिटला साधारण ०.२७ लिटर डिझेल लागतं, म्हणजे तासाला सुमारे ४० लिटर.

२) किती तास? इथे फक्त वीज किती वेळ जाते हे पाहून चालत नाही, टँकर किती वेळात पोचेल तेही पाहावे लागते. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला. रस्तेच पाण्याखाली, टँकर येणार कुठून? म्हणून हॉस्पिटलसाठी मी ४८ तास धरते. ४० × ४८ = १९२० लिटर.

३) हाती येणारं डिझेल : वरचे सुमारे ५ टक्के प्रसरणासाठी मोकळे ठेवतात. तळाच्या ५ टक्क्यांत पाणी आणि गाळ साचतो. म्हणून १९२० ला ०.९ ने भागायचं. उत्तर सुमारे २१३५ लिटर.

४) कायदा : पेट्रोलियम कायदा, १९३४ नुसार डिझेल 'ब' वर्गात येतं. एका जागी एकूण २५०० लिटरपर्यंत आणि एकही टाकी १००० लिटरपेक्षा मोठी नसेल, तर साठ्याला परवाना लागत नाही. त्यापुढे नागपूरचं मुख्यालय असलेल्या 'पेसो'चा परवाना हवा. बाजारात ९९० लिटरची टाकी का मिळते, ते आता कळलं ना? आपल्या उदाहरणात अशा तीन टाक्या बसतात, मात्र एकूण साठा २५०० च्या वर जाऊ द्यायचा नाही. अग्निशमनाचे नियम वेगळे पाहावेत.

५) मग सरळ परवाना काढून दहा हजारांचीच का नको? कारण डिझेल शिळं होतं. दर आठवड्याला अर्धा तास टेस्ट घेतली तरी वर्षाला जेमतेम १००० लिटर संपतं. पावसाळ्यात व्हेंटमधून दमट हवा आत जाते, तळाला पाणी साचतं, त्यात जंतू वाढतात आणि फिल्टर चोक होतो. म्हणजे ऐन वेळी सेट बंद! अंथरूण पाहून पाय पसरावेत म्हणतात, ते इथेही खरं.

६) सगळ्यात महत्त्वाचं : टाकीचा आकार म्हणजे साठा नव्हे. ४८ तासांचं डिझेल वीज जाण्याच्या क्षणी टाकीत असलं पाहिजे. तीन टाक्यांच्या तळाचे दीडशे लिटर धरून आपली खालची रेघ येते सुमारे २१०० लिटर. २५०० पर्यंत भरा आणि २१०० वर येताच मागवा. मधले ४०० लिटर म्हणजे दोन बॅरल. नुसत्या टेस्टला ते वीस आठवडे पुरतील.

त्या हॉस्पिटलमध्ये टाकी लहान नव्हती, ही रेघ कुणी मारलेली नव्हती. म्हणून इंडस्ट्रियल व्हिजिटला गेलात की टाकी केवढी हे जरूर विचारा, पण आधी डिपस्टिकची वही बघा. शेवटची नोंद कधीची आहे?