ते मडकं नकलीच निघू दे

काल रात्री तू पाठवलेले फोटो मी झोपायच्या आधी चारदा बघितले, धाकटे. पिवळसर अंगावर गेरूच्या रंगाची गरगरती वळणं, पोटाशी फुगलेलं, गळ्याशी आवळलेलं. देखणं आहे, वादच नाही. खाली तू लिहिलंयस, "ताई, बान चियांगचं आहे, तीन हजार वर्षं जुनं. दुकानदार तपासणीचा कागदही देतोय. जोडीला दुसरं घेऊ का?" तुझ्या शब्दाशब्दात आनंद होता, म्हणून रात्री उत्तर दिलं नाही. आज सगळ्यांचे डबे गेले, घर शांत झालं, आता निवांत बोलते. दुसरं घेऊ नकोस. आणि जे घरात आणलंयस ते नकली निघावं, असं मला अगदी मनापासून वाटतंय.

रागावू नकोस. आधी ऐकून घे.

तुझ्या बँकॉकपासून ईशान्येला, उडोन थानी प्रांतात, बान चियांग हे गाव आहे. १९६६ मध्ये स्टीफन यंग नावाचा एक अमेरिकन विद्यार्थी तिथे गेला होता. चालता चालता तो झाडाच्या मुळाला अडखळून पडला आणि समोर बघतो तर वाटेतच मातीच्या भांड्यांचे गोल काठ जमिनीतून डोकावतायत. गावकऱ्यांना ही भांडी नवी नव्हती, पण बाहेरच्या जगाला बान चियांग कळलं ते त्यानंतर. मग काही खापऱ्यांची तपासणी झाली आणि त्या सहा हजार वर्षांपूर्वीच्या असल्याचं छापून आलं. झालं! जगभरातले संग्राहक तुटून पडले. लोकांनी आपल्याच घराखाली खणलं, मडकी काढली, विकली. पुढे कळलं की ते आकडे फारच फुगलेले होते. वस्तीचा आरंभ नेमका कधीचा यावर अभ्यासकांचा अजूनही वाद आहे, पण तुझ्या मडक्यावर आहे तसली लाल नक्षी वस्तीच्या अगदी शेवटच्या काळातली, साधारण इसवी सनापूर्वी ३०० ते इसवी सन २०० मधली. म्हणजे तुझा दुकानदार "तीन हजार वर्षं" म्हणतो तिथेच पहिली खोट आहे.

दुसरी खोट त्याहून मोठी. तू लिहिलंस की तो म्हणतो, हे त्याच्या आजोबांच्या संग्रहातलं, कायद्याच्या आधीचं. आता तूच हिशेब कर. थायलंडचा पुरातन वस्तूंचा कायदा १९६१ चा. बान चियांगचा बोलबाला १९६६ नंतरचा. १९७२ मध्ये तर खास त्या भागातल्या खोदकामावर सरकारने बंदी घातली. मग कायद्याच्या आधी, ज्या गावाचं नावही कुणी ऐकलं नव्हतं तिथलं मडकं आजोबांनी कुठून आणि कशासाठी जमवलं? इतर ठिकाणच्या वस्तूंबद्दल "कायद्याच्या आधी जमवलेलं" ही गोष्ट कधीकधी खरी असू शकते. बान चियांगच्या बाबतीत मात्र ती जवळजवळ अशक्यच. खरं मडकं असेल तर ते कायदा असताना जमिनीतून उपसलंय, हे धरूनच चाल.

राहिला तो कागद. उष्णतादीप्ती चाचणी म्हणतात तिला. मडक्याच्या बुडातून चिमूटभर भुकटी काढतात, ती तापवली की त्यातून अगदी मंद प्रकाश बाहेर पडतो आणि भांडं शेवटचं कधी भाजलं गेलं याचा अंदाज येतो. चाचणी खोटी नाही. पण ती उत्तर देते फक्त त्या चिमटीभर मातीपुरतं. बूड जुनं आणि वरचा भाग नव्याने जोडलेला असू शकतो. जुनं, साधं, नक्षी नसलेलं मडकं घेऊन त्यावर गेल्या वर्षी कुणी लाल वळणं काढली असली तरी कागदावर वय जुनंच येणार. बान चियांगच्या मालात हे रंगकाम भरपूर झालंय, कारण नक्षीला भाव आहे. आणि ते कुठून, कुणाच्या शेजारून उचललं, हे कुठलीच चाचणी सांगत नाही.

माझा जीव अडकलाय तो या "कुणाच्या शेजारून" मध्ये. ही भांडी बहुतेक कबरींतली आहेत गं. मधल्या काळात तिथले लोक माणसाला पुरताना मडकी फोडून त्याच्या अंगावर खापऱ्यांचं जणू पांघरूण घालायचे. शेवटच्या काळात ही लाल नक्षीची भांडी अंगावर मांडायचे. आणि सगळ्यात आधीच्या काळात तान्ही बाळं गेली की त्यांना मडक्यात ठेवून पुरायचे.

हे वाचलं तेव्हा मी पुस्तक मिटून बसले होते. तुला इनामगाव आठवतंय? शिरूर तालुक्यात, घोडनदीच्या काठी. डेक्कन कॉलेजच्या लोकांनी १९६८ ते १९८३ अशी वर्षानुवर्षं तिथली पांढरी, म्हणजे जुन्या वस्तीचं टेकाड, खणली. सांकलिया, ढवळीकर, अन्सारी ही सगळी मोठी माणसं त्या कामात होती. तिथेही तेच. घरातलं तान्हं गेलं की दोन रांजण घ्यायचे, तोंडाला तोंड लावून आडवे ठेवायचे, आत बाळ, आणि घराच्याच जमिनीखाली पुरायचं. तीन हजारांहून अधिक वर्षांपूर्वीची ती आई त्याच जमिनीवर पुन्हा चूल पेटवत असणार. शेकडो कोसांवरच्या दोन गावांत, एकमेकींना कधीच न भेटलेल्या बायकांनी बाळासाठी मडकंच निवडलं. पोटासारखं गोल म्हणून असेल का? हे मी पुरातत्त्वाची विद्यार्थिनी म्हणून नाही सांगत, दोन मुलांची आई म्हणून सांगते.

आता विचार कर, त्या दोन रांजणांतला एकच कुणी उपसून विकला असता तर? दिवाणखान्याच्या कोपऱ्यात तो नुसता तांबडा रांजण म्हणून उभा राहिला असता. बाळाची हाडं, दुसरा रांजण, वरची शेणानं सारवलेली जमीन, शेजारची चूल, सगळं नाहीसं. इनामगावची गोष्ट आपल्याला कळली कारण ते रांजण जागेवर होते आणि ज्यांनी ते काढले त्यांनी आधी चित्र काढलं, मोजमाप घेतलं, थर लिहिला.

तुला एक गोष्ट आजवर सांगितली नाही. एम.ए.च्या वर्षी आम्ही घोडनदीच्याच बाजूला एका गावाला गेलो होतो. पांढरीच्या टेकाडावर पावसाने माती वाहून गेली होती आणि एक तोटी वर आली होती. इनामगावसारख्याच जोर्वे पद्धतीच्या भांड्याची, नारिंगी लाल, टिचकी मारली तर काशासारखी वाजणारी. मी ती ओढणीत गुंडाळून घरी आणली. आईच्या कपाटात, रेशमी साड्यांच्या मागे, ती वर्षभर होती. मग धीर करून आमच्या सरांना दाखवली. ते रागावले नाहीत. त्यांनी एवढंच विचारलं, "टेकाडाच्या कुठल्या बाजूची? वरची की पायथ्याची? शेजारी काय होतं?" मला एकाही प्रश्नाचं उत्तर देता आलं नाही. त्यांनी ती हातात फिरवली आणि परत दिली. मी पुढच्या महिन्यात टेकाडावर जाऊन तोटी ठेवायला निघाले, पण नेमकी जागा सापडेना. तिथे आता उसाचं शेत आहे. ती तोटी अजून माझ्याकडे आहे. मी ती कुणाला दाखवत नाही.

म्हणून म्हणते, तुझं नकली निघू दे. नकली निघालं तर थोडे पैसे गेले, एवढंच. कुणाची कबर नाही उकरली गेली.

आता त्याचं काय करायचं ते सांगते. धुऊ नकोस, घासू नकोस, तेल लावून चमकवू तर मुळीच नकोस. काठाला धरून उचलू नकोस, दोन्ही तळवे बुडाखाली घाल. अंगावर पांढरं मिठासारखं फुललेलं दिसलं तर ते जमिनीतले क्षार असू शकतात, खरवडू नकोस. एसी सतत चालू-बंद होतो त्या खोलीत ठेवू नकोस, कारण दमट-कोरडं होत राहिलं की क्षार पुन्हा पुन्हा फुलतात आणि वरचा रंग पोपडे धरून गळतो. बिल, तो कागद, दुकानदाराशी झालेलं बोलणं, सगळं एकत्र ठेव. आणि दिवाळीला येताना ते बॅगेत घालून आणू नकोस, माझ्यासाठी भेट म्हणूनसुद्धा. ललितकला खात्याच्या परवान्याशिवाय पुरातन वस्तू थायलंडबाहेर नेता येत नाही. कॅलिफोर्नियात २००८ मध्ये काही संग्रहालयांवर छापे पडले, त्यातही ही बान चियांगची भांडी होती, आणि पुढे पाचशेहून जास्त वस्तू थायलंडला परत द्याव्या लागल्या. तिथल्या जाणत्या माणसांची ही गत, तर तू विमानतळावर काय सांगणार? आधी तुमच्या तिथल्या राष्ट्रीय संग्रहालयात जाऊन कुणाला तरी फोटो दाखव आणि खरं काय ते विचार. खरं निघालं तर त्यांच्या हवाली कर. जड जाईल, मला माहीत आहे.

भांड्यांची आवड मात्र सोडू नकोस. आपल्या आजीचा माठ फुटला तेव्हा खापऱ्या गोळा करून रडणारी तू, तुझ्यात ती आवड आहेच. बँकॉकमध्येच सुआन पक्काद वाड्यात बान चियांगची भांडी मांडलेली आहेत, एखादी दुपार तिथे घालव. एकेका मडक्यापुढे पाच मिनिटं उभी राहा. हाताने काढलेली रेघ कशी थरथरते, कुंचला कुठे कोरडा पडला, वळण कुठे चुकलं आणि कारागिरानं ते कसं सावरलं, हे दिसायला लागलं की दुकानातल्या भांड्यांकडे तू वेगळ्या नजरेने बघशील. आणि विकत घ्यायचीच हौस असेल तर नदीतल्या को क्रेट बेटावर जा. तिथले मोन कुंभार लाल मातीवर जाळीसारखं कोरीवकाम करतात. बान चियांगच्या जवळ तर अजूनही बायका चाकाशिवाय मडकी घडवतात, आतून मातीचा गोळा धरायचा आणि बाहेरून लाकडी फळीनं थापटत जायचं. लाल नक्षीच्या नकला त्या गावात उघडपणे, नकला म्हणूनच विकतात. तशी दोन आण, दहा आण, बुडाशी कारागिराचं नाव घालून घे.

डिसेंबरात मला सुट्टी आहे. तिकिटं बघून ठेव. उडोन थानीला आपण दोघी जाऊ. बान चियांगला वाट पो सी नाय म्हणून देऊळ आहे, तिथे उत्खननाचा खड्डा राखून वर छप्पर घातलंय. भांडी कशी सापडली ते त्या जागेवरच बघायला मिळतं. ती तोटी मी बरोबर आणणार नाही, पण तिच्याबद्दल तिथे तुझ्याशी बोलायचंय.